तीन सायकली, चाळीस ओळींचा तक्ता आणि त्यात नसलेले रकाने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सहा वर्षं १२० मिमीच्या हार्डटेलवर (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर) बावधन-पाषाणच्या टेकड्या फिरलात, वर्षातून एकदा मनालीला जाता, आणि आता फुल सस्पेन्शन, म्हणजे मागेही सस्पेन्शन असलेली, ऑल-माउंटन सायकल घ्यायची आहे. उंची पाच फूट आठ इंच, वजन ८४ किलो, बजेट साडेतीन लाख. निवडलेल्या सायकली तीन. पहिली कार्बनची, मागे १४० आणि पुढे १५० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याचा प्रवास), पण पार्ट्स खालच्या श्रेणीचे. दुसरी ॲल्युमिनियमची, मागे १५०, पुढे १६०, पार्ट्स मधले. तिसरी सेकंड हँड, तीन वर्षं वापरलेली कार्बन एन्ड्युरो, दोन्हीकडे १७०, पार्ट्स एकदम वरचे. चाळीस ओळींचा तक्ता करून प्रत्येक ओळीला गुण दिलेत, त्यात तिसरी पहिली आली. तर घेऊ का?

तक्ता ओळ न् ओळ वाचला. मेहनत खरी आहे, पण तो पार्ट्सचा तक्ता झालाय, सायकलचा नाही. डिरेलर (गिअर बदलणारा), क्रँक (पेडलचा दांडा), हब, ब्रेक हे सगळं पुढे कधीही बदलता येतं. फ्रेमची मापं, मागच्या सस्पेन्शनची रचना, आणि ती सायकल पुण्यात बसून धडधाकट ठेवता येणं, या तीन गोष्टी पैसे देऊन झाल्यावर बदलत नाहीत. तुमच्या चाळीस ओळींत या तिन्हींच्या वाट्याला मिळून चार ओळी आल्यात. डिरेलरच्या एकट्याच्या तीन आहेत!

आधीच सांगतो, मी सोळा वर्षं सायकली दुरुस्त करतोय आणि त्यातली निम्मी तरी फोर्क आणि शॉक (पुढचं आणि मागचं सस्पेन्शन) उघडण्यात गेली. त्यामुळे माझी नजर शोरूमपेक्षा दोन पावसाळ्यांनंतरच्या सायकलवर जास्त असते. दुकानदार वेगळं सांगेल, आणि त्याचंही काही बरोबर असेल.

पहिला राहिलेला रकाना म्हणजे तुम्ही खरोखर कुठे चालवता. मनातली राइड नको, झालेली. गेल्या दहा राइड घ्या आणि प्रत्येकीत चढाचा, सपाटीचा आणि उताराचा वेळ वेगळा लिहा. वेताळ टेकडी घ्या किंवा बावधनकडची, माथा शहरापासून फार तर दोन-अडीचशे मीटर वर. दोन तासांच्या फेरीत खरा उतार पंधरा-वीस मिनिटांचा भरतो, बाकी वेळ तुम्ही पेडल मारताय. १७० मिमीची सायकल तिथे नेणं म्हणजे कोथिंबीर चिरायला कोयता काढणं. काम होतं, पण हात दुखतो. उलट मनालीकडे गाडीने वर जाऊन अर्धा-अर्धा तास उतरायचं असेल तर तोच कोयता बरा वाटतो. तुमच्या लिहिण्यावरून पन्नास शनिवार टेकडीवर आणि सहा-सात दिवस मनालीत. सायकल पन्नास शनिवारांसाठी घ्यायची.

नावांच्या भानगडीत पडू नका. शंभर-एकशेवीस मिमीला क्रॉस-कंट्री, एकशेतीस-चाळीसला ट्रेल, एकशेचाळीस ते साठला ऑल-माउंटन, त्यावर एन्ड्युरो आणि दोनशेला डाउनहिल, असे ढोबळ गट आहेत. २०१३ मध्ये एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली आणि त्यानंतर कंपन्यांनी ऑल-माउंटन हा शब्दच हळूहळू बाजूला ठेवला. त्याच जातीच्या सायकलवर कुणी ट्रेल लिहितं, कुणी एन्ड्युरो. स्टिकर काहीही असो, आपण मापं बघायची.

मापांमध्ये लोक हेड अँगल, म्हणजे फोर्कचा जमिनीशी कोन, पाठ करतात. ६४ अंश की ६५, यावर मी दुकानात भांडणं पाहिली आहेत. तुमच्या तिन्ही सायकली ६४ ते ६५.५ मध्ये आहेत, आणि तेवढ्या फरकाने तुमचं नशीब बदलणार नाही. मी आधी रीच आणि स्टॅक एकत्र बघतो. रीच म्हणजे क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (फोर्क जिच्यातून जातो त्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, स्टॅक म्हणजे उभं. नुसता रीच बघून फसायला होतं, कारण हेड ट्यूब मागे कललेली असते, ती जितकी उंच तितका रीचचा आकडा लहान दिसतो. माझा हिशोब असा: एका सायकलचा स्टॅक दुसरीपेक्षा १० मिमी जास्त असेल, तर तिच्या रीचमध्ये साधारण ५ मिमी मिळवायचे आणि मग तुलना करायची. तुमच्या तक्त्यात पहिलीचा रीच ४५५ आणि स्टॅक ६१२, दुसरीचा रीच ४५५ आणि स्टॅक ६३०. तुम्ही दोघींना सारखे गुण दिलेत. प्रत्यक्षात हँडल एकाच उंचीवर आणलं की दुसरी जवळजवळ ९ मिमी लांब आहे. पाच-आठच्या माणसाला ती चांगलीच बातमी, पण ठाऊक असायला हवी.

तिसरी लार्ज आहे, रीच ४८५. विकणारा म्हणतोय, "हल्ली सगळे लांबच चालवतात." मोठ्या उघड्या उतारावर लांब सायकल शांत राहते हे खरं. पण आपल्या पायवाटा माणसांनी आणि शेळ्यांनी पाडलेल्या आहेत. करवंदीच्या जाळीला वळसा, लगेच दगड, लगेच दुसरा वळसा. तिथे पुढचं चाक वळवताना छातीचा भार हँडलवर आणावा लागतो, आणि तीन सेंटिमीटर जास्त लांबीच्या सायकलवर तुमच्या उंचीच्या माणसाला ते दर वळणाला ठरवून करावं लागतं. दमल्यावर शरीर ठरवणं सोडून देतं आणि चाक बाहेर घसरतं. तुमच्यासाठी मीडियमच. छोटा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लावून लार्ज "बसवता" येत नाही. त्याने हात जवळ येतात, चाकं जवळ येत नाहीत.

आता सीट ट्यूबचा कोन. यावर थांबतो जरा, कारण पन्नास शनिवारांचा चढ यावर अवलंबून आहे. कंपनी जो कोन छापते तो ठरावीक सीट-उंचीचा असतो, आणि ती उंची तुमची असेलच असं नाही. म्हणून मी कोन मोजतच नाही, ओळंबा लावतो. गवंड्याचा ओळंबा, किंवा दोऱ्याला बांधलेला नट. सीट तुमच्या पेडल मारायच्या उंचीवर घ्या, दोरा सीटच्या मध्यावरून सोडा आणि तो क्रँकच्या मध्यापासून किती मागे पडतो ते पट्टीने बघा. सीटची उंची ७० सेंटिमीटर धरली तर ७७ अंशाला दोरा सुमारे १५७ मिमी मागे पडेल, ७४ अंशाला १९३ मिमी. साडेतीन सेंटिमीटरचा फरक. सपाट फरशीवर तो जाणवत नाही. चढावर मागचा शॉक खाली बसतो, पुढचं चाक उचलतं, आणि तुम्ही सीटच्या टोकावर सरकून पुढे रेलता. दहा मिनिटांनी कंबर बोलायला लागते आणि माणूस दोष स्वतःच्या फिटनेसला देतो. दोन सायकली समोर असतील तर ही पाच मिनिटांची परीक्षा अजिबात चुकवू नका.

मागचं सस्पेन्शन. इथे तुमच्या तक्त्यात एकच ओळ आहे, "लिंकेज" (मागचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या दांड्यांची रचना), आणि नावावरून गुण दिलेत. हॉर्स्ट लिंक, व्हीपीपी, डीडब्ल्यू-लिंक, मायेस्ट्रो, एबीपी, स्विच इन्फिनिटी. एकेकाळी ही नावं पेटंटची कुंपणं होती. हॉर्स्ट लिंकचं अमेरिकेतलं पेटंट स्पेशलाइज्डकडे होतं, ते २०१३ मध्ये संपलं आणि बऱ्याच कंपन्यांनी तोच साचा उचलला. आज एकाच नावाखाली लोण्यासारखी मऊ सायकलही मिळते आणि फळीसारखी कडकही. पिव्हट, म्हणजे दांड्यांचा सांधा, काही मिमी इकडे-तिकडे केला की स्वभाव बदलतो. म्हणून नाव सोडा, दोन गोष्टी विचारा.

पहिली: पेडल मारताना ती उठाबशा काढते का? चेन ओढली की मागचं चाक किंचित खाली-मागे रेटलं जातं आणि शॉकच्या बसण्याला विरोध होतो, त्याला अँटी-स्क्वॉट म्हणतात. तो कमी असेल तर प्रत्येक पेडलला सायकल डुलते. फार जास्त असेल तर दगडावर चाक आपटताना पेडलला खालून धक्के बसतात. हे आकड्यावरून कळायला अवघड आणि चालवून सोपं. सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प पुरे. शॉक कडक करणारा चढाचा लिव्हर उघडा ठेवा, सर्वांत हलका गिअर, बसून चढा, आणि शॉकच्या दांड्यावरच्या रबरी रिंगकडे मित्राला बघायला सांगा. मग उभं राहून चढा. लिव्हर बंद केल्याशिवाय रॅम्प चढवत नसेल, तर टेकडीवर दर दोन मिनिटांनी हात लिव्हरकडे जाणार.

दुसरी गोष्ट तुमच्या वजनाची, आणि ही कुणी सांगत नाही. मागच्या चाकाचा प्रवास भागिले शॉकचा स्ट्रोक (शॉक स्वतः जितका दबतो तो) म्हणजे लिव्हरेज रेशो. तुम्ही तिन्ही शॉकची मापं लिहिली आहेत, फक्त भागाकार केलेला नाही. पहिलीचा शॉक २१०×५०: १४० भागिले ५० म्हणजे २.८. दुसरीचा स्ट्रोक ६०: १५० भागिले ६०, २.५. तिसरीचा ६५: १७० भागिले ६५, सुमारे २.६. तुम्ही ८४ किलो, वर हेल्मेट, बूट, गुडघ्याचे पॅड, पाणी, हत्यारं मिळून सहा धरा. नव्वद. त्यातले साठ टक्के मागच्या चाकावर, म्हणजे ५४ किलो. हे ५४ गुणिले रेशो एवढा भार शॉकवर येतो: पहिलीत १५१ किलो, दुसरीत १३५, तिसरीत १४१ च्या आसपास. हिशोब ढोबळ आहे, रेशो प्रवासभर सारखा नसतो आणि हवेच्या डब्याचा आकारही मध्ये येतो. तरी चित्र उलटं निघालं ना? सगळ्यात कमी ट्रॅव्हलच्या सायकलचा शॉक सगळ्यात जास्त दबलेला. तिथे योग्य सॅग (नुसत्या तुमच्या वजनाने शॉक जितका दबतो तो) मिळवायला तुम्ही हवा भरत भरत शॉकच्या कमाल दाबाच्या जवळ जाल. तो दाब शॉकवरच छापलेला असतो, मॉडेलप्रमाणे बहुधा ३२५ किंवा ३५० पीएसआय. इतक्या हवेला आवरायला रिबाउंडही (दबलेला शॉक किती वेगाने परत उसळतो तो नॉब) जवळजवळ पूर्ण बंद करावा लागतो. नॉब शेवटच्या क्लिकवर टेकलेला असेल तर हाताशी काही उरत नाही. पासष्ट किलोच्या माणसाला मी हीच पहिली सायकल बिनधास्त सुचवली असती.

दुकानात हे तपासता येतं. शॉक पंप सोबत न्या. दुकानात असतो, पण "आत्ता सापडत नाहीये" हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय. पूर्ण पोशाखात, पाठीवर पिशवी घेऊन बसा, भिंतीला हात टेका, दोन-तीनदा हिसका द्या म्हणजे शॉक मोकळा होतो. मग उतारावर उभे राहता तसे पेडलवर उभे राहा. मित्र रबरी रिंग सीलला टेकवेल, तुम्ही हळूच उतरा. ६० मिमी स्ट्रोकच्या तीस टक्के म्हणजे १८ मिमी. रिंग तिथे यायला हवी. किती हवेला आली, तो आकडा लिहून घ्या. मग त्याच सॅगवर चार पायऱ्या बसून, न उडता, उतरा. रिंग दांड्याच्या अगदी टोकाला गेली तर शेवटचा भाग फार मऊ आहे, खऱ्या ड्रॉपवर ती ठोकणार. निम्म्याच्या जरा पुढे थांबली तर छान. सुरुवातीला २.९ आणि शेवटी २.३ असा उतरत जाणारा रेशो असला, म्हणजे वीसेक टक्के प्रोग्रेशन, की साध्या एअर शॉकवर हे बहुतेकदा जमून जातं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: तिसरी मापाने मोठी आणि कामाने जास्तीची, पहिली तुमच्या वजनाला नाजूक, दुसरी अजून तरी उभी आहे. आता तिसरीचा मोह का होतो ते बघू, कारण तो मलाही झाला होता.

२०१५ मध्ये मी माझी पहिली फुल सस्पेन्शन सेकंड हँड घेतली. ॲल्युमिनियमची होती. संध्याकाळी, पार्किंगमध्ये, मोबाइलच्या उजेडात पाहिली. वर धुळीचा थर होता आणि मला वाटलं, वा, वापरातली सायकल आहे. घरी आणून धुतली तर शॉकच्या खालच्या माउंटपाशी रंगात केसासारखी रेघ. रंगाची असेल म्हणून नख फिरवलं, नख अडकलं. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. मग मीच शहाणपणा केला: ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आर्गन वेल्डिंग करून घेतलं. वेल्डिंग सुंदर झालं होतं. तीन महिन्यांनी फ्रेम वेल्डिंगच्या बाजूने तुटली. ६०६१ ॲल्युमिनियमला जोडाच्या उष्णतेने मऊपणा येतो, पुन्हा उष्णताप्रक्रिया केल्याशिवाय ती ताकद परत येत नाही, हे मला तेव्हा पुस्तकात माहीत होतं आणि हातात नव्हतं. डाव्या कोपराला अजून खूण आहे.

म्हणून तिसरी बघायला गेलात तर सकाळच्या उन्हात बघा आणि ती धुतलेली हवी असं आधी सांगा. सीट धरून सायकल हलकेच वर उचला, सोडा, पुन्हा उचला. चाक जमिनीवरच राहून सीट आधी एक-दोन मिमी वर येत असेल, 'टक्' असं काही बोटांना जाणवत असेल, तर शॉकचे बुश किंवा पिव्हटचं बेअरिंग गेलंय. बुश स्वस्तात होतात. बेअरिंगचं खरं उत्तर शॉकचे दोन बोल्ट काढल्यावर मिळतं. मागचा त्रिकोण हाताने पूर्ण वर-खाली फिरवायचा. तो लोण्यातून सुरी जावी तसा फिरला पाहिजे. मध्ये खर्र झालं, अडखळला, की बेअरिंग गंजलेत. शॉक काढू द्यायला मालक नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

फोर्कच्या आणि शॉकच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवा, विशेषतः सीलच्या वरच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये मागच्या बाजूने. कोटिंग उडून फिकट पट्टा दिसत असेल तर आतलं तेल कधी बदललंच गेलं नाही असं समजा. रॉकशॉक्स फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांना सांगते, फॉक्स पूर्ण सर्व्हिस १२५ तासांना किंवा वर्षाला. तुमच्या तक्त्यात "टॉप फोर्क, १० पैकी १०" लिहिलंय. तीन वर्षं न उघडलेला टॉप फोर्क हा मधल्या दर्जाच्या नव्या फोर्कपेक्षा वाईट चालतो, आणि नळ्या गेल्या असतील तर वरचा सगळा संच बदलावा लागतो; तो खर्च ऐकून लोक माझ्या स्टुलावर बसतात. कार्बनच्या डाउनट्यूबवर खालून नाण्याने टकटक करत जा. आवाज टणटणीत असला पाहिजे, मध्येच भद्द झाला तर तिथे थर सुटले असण्याची शक्यता आहे. आणि फ्रेमची वॉरंटी बहुतेक कंपन्या पहिल्याच मालकाला देतात, म्हणजे तुमच्या तक्त्यातले "वॉरंटी: आजीवन" हे दहा गुण कापा.

इथे निभावण्याचा प्रश्न दुसरीलाही आहे. फुल सस्पेन्शनला आठ-दहा पिव्हट बेअरिंग असतात. फ्रेम कंपनीचा संच मागवला तर महिनोन्महिने वाट. पण बेअरिंगवर नंबर असतो: ६९०२ म्हणजे १५×२८×७, ६९०० म्हणजे १०×२२×६. नंबर नेहमीचा असेल तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळून जातो. फक्त दुकानदार देईल ते साधं बेअरिंग जलद फिरणाऱ्या शाफ्टसाठीचं असतं. पिव्हट पाव इंचही नीट फिरत नाही, फक्त भार सोसतो. पिंजरा नसलेलं, गोळ्यांनी गच्च भरलेलं मिळालं तर तेच घ्या. निवडीआधी तिन्ही फ्रेमचे बेअरिंग नंबर, डिरेलर हँगरचा (डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो त्या छोट्या तुकड्याचा) प्रकार आणि बॉटम ब्रॅकेट (क्रँकची बेअरिंग) आटे असलेलं आहे की दाबून बसवलेलं, हे तीन रकाने तक्त्यात घाला. हँगर यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) असेल तर डोळे झाकून गुण द्या; तो एकच हँगर बऱ्याच कंपन्यांच्या फ्रेमला बसतो. बाकी हँगर मोडला की मनालीत दोन दिवस चहा पीत बसायचं.

आणि घेतल्यावर दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवर नेऊ नका, हात जोडून सांगतो. तो प्रेशर पंप चिखल काढतो तसं बेअरिंगमधलं ग्रीसही काढतो. बादली, स्पंज, मग फडक्याने पुसणं.

टायर आणि ब्रेकचं झटपट सांगतो. नव्या सायकलला कंपनी पातळ टायर लावते, कारण त्याने छापील वजन कमी दिसतं. आपला बेसॉल्ट धारेचा असतो आणि त्यावर मुरूम पसरलेला. नव्वद किलोच्या भाराखाली मागचा पातळ टायर एखादा मोसमच टिकतो. मागे जाड केसिंगचा २.४ इंची ट्यूबलेस टायर लावा, पुढे मऊ रबराचा २.५. हवेची सुरुवात मागे २६, पुढे २३ पीएसआयपासून करा. बाभळीच्या काट्यांना सीलंट (टायरमध्ये ओतायचं, भोक बुजवणारं द्रव) पुरतं, पण पुण्याच्या उन्हाळ्यात ते दीड-दोन महिन्यांत वाळून रबराचे तुकडे होतात. टायर हलवून आतून पाण्यासारखा आवाज येतोय का ते बघत जा. मनालीला पोचल्यावर हवा पुन्हा मोजा, तिथे उंचीमुळेच गेजवर एक-दोन पीएसआय जास्त दिसतात आणि २३ मध्ये तेवढेही कळतात.

ब्रेक चार पिस्टनचे, पुढची डिस्क २०० किंवा २०३ मिमी. पहिलीच्या डिस्कवर बघा, "रेझिन पॅड ओन्ली" (फक्त रेझिनचे पॅड चालतील, धातूचे नाहीत) असं कोरलेलं असेल तर ती डिस्कही बदलायची हे धरून चाला, कारण पावसाळी चिखलात रेझिन पॅड मी एका राइडमध्ये पत्र्यापर्यंत गेलेले पाहिलेत. तुमच्या भाराला मनालीच्या लांब उतारावर हीच डिस्क आधी रडेल.

वजनाच्या ओळीला तुम्ही दुप्पट गुण दिलेत. पहिली १४.१ किलो, दुसरी १५.४. एक किलो तीनशे ग्रॅम. चांगले टायर लावले की दोघींचं वजन वाढेल, आणि पाठीवर दोन लिटर पाणी तर आहेच. त्यापेक्षा फ्रेममध्ये बाटली बसते का बघा. मार्च-एप्रिलमध्ये त्याची किंमत कळते.

तर माझं मत: दुसरी, मीडियम. आणि साडेतीन लाख सगळे तिच्यात ओतू नका. चाळीस हजार बाजूला ठेवा. त्यातून दोन टायर, सीलंट, शॉक पंप, एक जादा हँगर, पॅडच्या दोन जोड्या आणि वर्षाअखेरची फोर्क-शॉकची सर्व्हिस. त्यासाठी किमतीत एक पायरी खालचं मॉडेल घ्यावं लागलं तरी घ्या, अट एवढीच, फ्रेम तीच आणि फोर्कच्या आतला डँपर (हालचाल आवरणारी तेलाची यंत्रणा) बरा हवा. ३५ मिमीच्या जाड नळ्या दिसल्या म्हणून आतही चांगलं असेल असं नाही. कंप्रेशन (दबणं) आणि रिबाउंड दोन्हींचे नॉब हाताने फिरवून फरक पडतो का ते दुकानातच बघा. डिरेलर खालचा चालेल. ड्रॉपर (बटणाने खाली जाणारी सीटची दांडी) मात्र १५० मिमीपेक्षा कमी नको, आणि तुमच्या पायाच्या लांबीला तो फ्रेममध्ये पूर्ण खाली जातोय ना, हे बसून तपासा.

हे मत दोन गोष्टींनी बदलेल. दहा राइडच्या हिशोबात उतार माझ्या अंदाजाच्या दुप्पट निघाला, किंवा ओळंब्याच्या परीक्षेत दुसरी पहिलीपेक्षा बरीच मागे पडली, तर पुन्हा लिहा, आपण नव्याने बघू. आणि एक शंका मनात ठेवा: टेकडीवर तुम्ही हार्डटेलवर कुठे अडता? पुढचं चाक घसरून अडत असाल तर आधी जुन्याच सायकलला नवा पुढचा टायर लावून दोन शनिवार काढा. काहींचा फुल सस्पेन्शनचा बेत तिथेच पुढच्या वर्षावर गेलाय आणि माझं गिऱ्हाईकही.

टेकडीवर सकाळी चालणारे लोक असतात, तिथे जरा हळू. आणि वनखात्याच्या हद्दीत कुठली वाट सायकलला मोकळी आहे ते आधी विचारून घ्या. सिंहगडाच्या पायवाटेवर रविवारी १५० मिमी ट्रॅव्हल आजमावायला तर जाऊच नका.

तिसरीवरून मन अजून हटत नसेल तर मालकाला फक्त एवढं विचारा: शॉक काढून दाखवाल का? हो म्हणाला तर दिवस कळवा. ॲलन की, टॉर्कचा पाना आणि ओळंबा मी घेऊन येतो, तुम्ही चहाचं बघा.